काडेपेटी आणि पाना

आज स्वयंपाकघरात गॅसची नळी बदलली आणि नव्या रबराच्या वासाने राधानगरीकडच्या धरणातली आमची नाव आठवली. तिच्यावर आम्ही फिरायला आलेल्या पावण्यांना चहा-भजी द्यायचो.

एके दिवशी नावेवरच्या शेगडीची नळी बदलून दीर काडेपेटी घेऊन वाकले.

"वैनी, काडी लावून बघतो. गळत आसंल तर कळंल की!"

गळती साबणाचा फेस लावून बघतात, हे त्यांना माहीतच नव्हतं. गॅस हवेपेक्षा जड, तो नावेच्या तळाशी साचला होता; मला वास येत होता. माझी पोरगी तिथेच बसलेली.

"भावजी, टाका ती!"

"लईच भित्र्या हायसा तुमी!" म्हणत त्यांनी काडी काढली.

मी पाना उचलून त्यांच्या मनगटावर हाणला. हाड कडकन मोडलं, काडेपेटी पाण्यात पडली.

वर्षभर सासरी कुणी माझ्याशी बोललं नाही. तेव्हा रडले. आता वाटतं, आधी सांगण्यात उगाच वेळ घालवला.