भाऊजींनी मारलेला वजीर

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, फुकटचं काही सोडवत नाही. लग्नाच्या पंगतीत बडीशेपसुद्धा मूठ भरून खिशात. हा गुण मी नीट बघून ठेवला होता, कारण मला त्यांच्यावर सूड उगवायचा होता. हो, सूडच! उगाच गोड कशाला बोलू?

सासूबाईंचा पाय मोडला तेव्हा भाऊजी सिडकोतल्या त्यांच्या तीनमजली घरातून आमच्या बजाजनगरच्या दोन खोल्यांत आले आणि चहा पिता पिता निकाल देऊन गेले. "आई इथंच राहील. हिनं कंपनी सोडावी. घरासाठी थोडा त्याग करावा लागतो." मी वाळूजच्या कंपनीत पॅकिंगला होते, सुपरवायझर करणार होते मला. नवरा मान खाली घालून बसला. सुटली नोकरी. पुढं सासूबाई चालायला लागल्या, तरी सुटलेलीच राहिली.

दर रविवारी भाऊजी आईला भेटायला म्हणून यायचे आणि नवऱ्याशी बुद्धिबळ खेळत बसायचे. आई आतल्या खोलीत. एकदा मी पटावर वाकले तर म्हणाले, "तुला काय कळतंय यातलं? भजी टाक जा." डोक्यात अशी सणक गेली माझ्या! दुपारी सासूबाई झोपल्या की मी मोबाईलवर शिकायला लागले. शिकवणारा सारखा 'सॅक्रिफाइस, सॅक्रिफाइस' करायचा. म्हटलं, मेला इथंही त्यागच! पण तो सांगायचा, मोहरं देण्याआधी विचारायचं, समोरच्यानं घेतलं तर मला काय मिळतं? काहीच मिळत नसेल तर तो निव्वळ मूर्खपणा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मग सासूबाईंना विचारलं, थोरल्याकडं राहायला जाल का? "जाते की त्याच्याकडं. बघू दे त्यालाबी," त्या म्हणाल्या. रविवारी मीच पट मांडला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "भाऊजी, हरलात तर मी कंपनीत जाणार आणि आई तुमच्याकडं राहणार."

भाऊजी लई हसले. "व्हय, चालंल. पण तू हरलीस तर कंपनीचं नाव काढायचं नाय पुन्हा."

पांढरी माझ्याकडं. त्यांच्या उंटानं माझा घोडा अडकवला. तो हलला की मागचा वजीर उघडा. मी हलवला, त्यांचं प्यादं मारलं. "अगं, वजीर गेला की तुझा!" भाऊजींनी झडप घातली आणि वजीर मुठीत धरून सगळ्यांना दाखवला. मी उंटानं त्यांच्या राजाशेजारचं प्यादं खाल्लं. शह. राजा एकुलत्या एका मोकळ्या घरात गेला. माझा दुसरा घोडा आला. मात.

"थांब, थांब. एक चाल परत."

आमच्या घरात थोरल्याला एक चाल परत मिळते, मानाची. धाकट्यानं नाही म्हणायचं नसतं. नवऱ्यानं किती जिंकलेले डाव या मानापायी घालवलेत! मी अगदी मऊ आवाजात म्हटलं, "घ्या की, भाऊजी."

त्यांनी राजा मागं ठेवला. बघत बसले. जायला दुसरं घरच नव्हतं. चूक त्याआधीची, वजीर खाल्ला तेव्हाची, आणि मानाची चाल तिथवर पोचत नव्हती. राजा पुन्हा तिथंच ठेवावा लागला. मी पुन्हा घोडा आणला, या वेळी सावकाश. एकाच डावात दोनदा मात! काय सांगू, जीव थंड झाला.

"गंमत होती ती," भाऊजी पुटपुटले.

"गंमत कशाची?" म्हणत सासूबाई पिशवी भरायला उठल्या.

कंपनीनं परत घेतलं, पण पॅकिंगलाच. सुपरवायझर दुसरीच झाली होती. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत भाऊजींचा फोन. "अगं, आई जेवत नाय. काय आवडतं तिला?"

मला सगळं ठाऊक होतं. सांगितलं नाही. "शेजारीच बसल्यात ना त्या? त्यांनाच विचारा की."

पलीकडून, फोनपासून लांब, भाऊजींचा दबका आवाज आला, "आई, काय करू गं तुला जेवायला?"