सात गाठींची दोरी

दोरी माझ्या पायाशी येऊन पडली. सुंभाची होती. तिला सात गाठी मारलेल्या होत्या.

"उचल," ओट्यावरून तात्यासाहेब म्हणाले. "पयली गाठ छातीची, दुसरी हाताची. बाकीचं धोंडू सांगंल."

धोंडू त्यांचा गडी. त्यानेच तात्यासाहेबांच्या अंगाला दोरी लावून माप घेतलं होतं. शिंपी मी होतो. मुंबईहून आणलेली टेप माझ्या गळ्यात होती आणि मी खाली अंगणात उभा होतो.

"टेप हाय माज्याकडं, तात्यासाहेब."

"ऱ्हाऊ दे रं टेलरमास्तर. तुजा हात लागला तर सदरा घालायच्या आदी आंगूळ करावी लागंल मला. थंडीचे दिवस हायेत."

ओट्यावर चार माणसं बसली होती. सगळी हसली.

मीही हसलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मीही हसलो, दोरी उचलली आणि खिशात घातली.

तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. मी परळच्या एका कारखान्यात लष्कराचे खाकी शर्ट शिवायला शिकलो होतो. आमच्या महारवाड्यात बाप गावकीची कामं करायचा. हाक आली की उठायचं, कुणाचीही हाक असो. मला ते करायचं नव्हतं. जुनं हातमशीन डोक्यावर घेऊन मी कर्जत स्टेशनवर उतरलो आणि आमच्या गावी, कशेळ्यापर्यंत चालत गेलो. कुणाची चाकरी नाही, स्वतःचा धंदा. ऊर भरून आला होता.

पण नोकरीत मालक एक असतो. स्वतःचा धंदा म्हटला की दिसेल तो मालक. मशीन कितीही चांगलं चालवा, चार लोकांनी चार ठिकाणी तुमचं नाव घेतलं नाही तर सुई गंजते. म्हणून मी माणसं जोडायला लागलो. कोण कुणाचा सोयरा, कुणाच्या शब्दाला वजन, कुणाच्या घरी लग्न आहे, सगळं डोक्यात ठेवायचो. आणि कुणी हसून बोललं की मनात पहिला विचार यायचा, याला काय पाहिजे?

कशेळ्याच्या बाजारात एका कापडवाल्याने मला जागा दिली. ओट्यावर नाही, ओट्याखाली, पागोळीच्या आत. शिंपी जवळ बसला की कापड लवकर खपतं. त्याचा हिशेब मला कळत होता, म्हणून तो माणूस मला बरा वाटायचा. तात्यासाहेबांचंही तसंच. ते दोरी फेकत, पण त्यांच्या घरचा सदरा मी शिवतो म्हटल्यावर मला दहा घरं मिळणार होती. मी शिवलेला सदरा दिवसभर त्यांच्या अंगाला चिकटलेला असे. त्याला विटाळ नव्हता. विटाळ फक्त माझ्या हाताला. हे मला दिसत होतं. तरी जात होतो.

गोमाचं मात्र मला काही कळेना.

गोमा कातकरी. ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला असायचा, कधी कर्जतच्या डोंगरात, कधी खालापूरकडे, पार चौक गावापर्यंत. कापडाची टंचाई होती. लोक गोणपाट आणायचे आणि त्याची बंडी शिवून मागायचे. गोमाने पहिली बंडी शिवून घेतली आणि पुढच्या बाजाराला दोन माणसं घेऊन आला. मग चार. प्रत्येकाला माझ्यापुढे उभा करून म्हणायचा, "ह्यो दादा अंगाला हात लावून माप घेतो रं. घाबरू नको."

बदल्यात काही मागायचा नाही. जाताना मशीनखालच्या चिंध्या तेवढ्या उचलायचा. त्यातही निवडून. शिवण घालण्याआधी मी टाका तपासायला तुकड्यावर दोन रेघा मारायचो, नेमके तेच तुकडे.

मला संशय आला. चौकला दुसरा शिंपी होता, त्याला माझा टाका नेऊन दाखवतो की काय? आमच्या वाड्यातली म्हातारी म्हणाली, "कातकऱ्याला चिंधी देऊ नको. चेटूक करत्यात." मी मुंबई पाहिलेला माणूस. म्हातारीला हसलो. पण पुढच्या बाजारापासून तुकडे पायाखाली दाबून बसायला लागलो. तरी तो वाकून म्हणायचा, "दादा, पाय उचल की जरा." आणि हसायचा. त्या हसण्याचाही मला संशय यायचा.

तात्यासाहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं. धोंडू बाजारात येऊन चार हात लांब उभा राहिला. कापडाचं गाठोडं त्याने जमिनीवर ठेवलं.

"समद्या मानसांचे सदरे तुज्याकडं. पन तात्या म्हनले, कातकऱ्यांच्या अंगाला हात लावतोस आन त्याच हातानं आमचं कापड? ते बंद कर. नाय तर कर्जतला शिंपी हायेत."

माझा हात त्यांना चालत नव्हता. तोच हात आणखी बाटू नये अशी त्यांची अट होती. मी म्हणालो, "बरं."

त्याच दिवशी ऊन चढल्यावर गोमा आला. बरोबर नऊ माणसं, त्यांत दोन बाया. नव्या भट्टीवरची होती. गोमा म्हणाला, "घे रं दादा, आज समदी वाडीच आनली."

मी मशीनच्या पेटीतून दोरी काढली. तीच, सात गाठींची. गाठी सोडवल्या आणि दोरी त्याच्याकडे फेकली.

"तुमीच घ्या मापं. गाठी मारून द्या."

गोमाला मस्करी वाटली. "का रं? टेप उंदरानं खाल्ली?"

टेप माझ्या गळ्यातच होती.

"कोळशाचे हात-पाय तुमचे," मी म्हणालो. "लोकांच्या लग्नाचं कापड हाय हितं."

तो हसायचा थांबला. दोरीकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं. दोरी उचलली नाही.

"कोळसा पयल्यापासून हाय, दादा. माजं अंग तेच हाय. तुजा हात बदलला."

मग त्याने कमरेला खोचलेली पुरचुंडी सोडली आणि माझ्या मशीनपुढे ठेवली. आत माझेच तुकडे होते. काळे पडलेले, पण टाके शाबूत.

"हे तुजं. भट्टीवर दावायचो. वढून बगा म्हनायचो, तुटतो का टाका? मग यायची मानसं."

तो वळला. त्याच्यामागे नऊच्या नऊ उठली. एक बाई जाताना दोरीवर पाय पडू नये म्हणून बाजूने गेली.

मी तिथेच बसून राहिलो. अपमान करणाऱ्यावर मी भरवसा ठेवला, कारण त्याला काय हवं ते मला ठाऊक होतं. ज्याला काहीच नको होतं त्याला मी चोर ठरवलं. तात्यासाहेबांच्या ओट्यावर मी कधी जाऊन बसलो, मलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाठोडं आणि त्यावर ती दोरी ठेवून परत नेलं. "माप मी घेनार, टेपनं. नाय तर हे तुमचं कापड," मी अंगणातून म्हणालो. "माजलास," तात्यासाहेब म्हणाले. एवढंच. आठवड्याच्या आत कापडवाल्याने मला पागोळीखालून उठवलं. मी चौकला हमरस्त्यावर गेलो, गाड्यांच्या ताडपत्र्या आणि ड्रायव्हरांचे सदरे शिवले. तग धरला.

माझी गोष्ट मात्र मागे राहून वाढली. ज्याने दोरी परत केली तो माणूस, असं लोक म्हणू लागले. पोरांना सांगू लागले. मी मान डोलावत राहिलो. गोमाला शोधायला गेलो नाही. चौकहून भट्ट्यांचा धूर दिसायचा. जाता आलं असतं. पुढच्या बाजाराला जाऊ म्हणता म्हणता पावसाळा आला, भट्ट्या उठल्या आणि तो कुठे गेला ते मला कळलं नाही. विचारलंही नाही.

आज वय ऐंशीच्या पुढे आहे. पुढच्या महिन्यात आमच्या वस्तीतली मुलं माझा सत्कार करणार आहेत. फलकावर दोरी काढायची म्हणतात.

काढा. पण दोरी दोनदा फेकली गेली. पहिल्यांदा तात्यासाहेबांनी, दुसऱ्यांदा मी. तुकडे माझ्याजवळ अजून आहेत. ते घेऊन मी व्यासपीठावर चढणार. त्याआधी कातकरवाडीत स्वतः जाऊन बोलावणं करणार. ते आले तर त्यांच्या तोंडावर सांगेन, नाही आले तरी सांगेन. आणि हार घालायच्या आधी सांगेन. नंतर नाही.