वैऱ्याच्या हातचा बार

ग्रिझलच्या दरीत डेंटन स्टिल्टनर ज्याच्याशी भांडला नाही असं घर शोधायला निघालात, तर रिकाम्या हाताने परत याल. पाद्रीबुवांशी तो भजनाच्या चालीवरून भांडला, पोस्टमनशी फाटकाच्या कडीवरून, आणि शेजारच्या क्लाइडशी तर एका कोंबड्यावरून हातघाईवर आला. कोळशाच्या खाणीने छाती निकामी करून त्याला घरी बसवला, तेव्हा दरीतल्या लोकांना वाईट वाटलं ते त्याच्या बायकोचं. आता हा माणूस दिवसभर ऑर्लिनाच्या समोर बसणार होता.

त्याला जीव लावण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे ठासणीची बंदूक. पानगळ सुरू झाली की दर शनिवारी दरीतली मंडळी आर्लिस काकांच्या कुरणात जमायची. नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू ठासायची, वर छर्रे, मग ठिणगी पाडणारी टोपी बसवून घोडा ओढायचा आणि समोरच्या कागदावरच्या फुलीवर बार काढायचा. फुलीच्या सगळ्यांत जवळ ज्याचा छर्रा, त्याला डुकराची खारवलेली अख्खी मांडी. काडतुसाच्या बंदुकीला तिथे कुणी विचारत नसे. काडतूस सारून चाप ओढायला काय, खाणीतलं खेचरसुद्धा ओढेल, असं डेंटन म्हणायचा.

कुरणातल्या बहुतेक बंदुका हॉबर्ट व्हॅनोव्हरच्या हातच्या होत्या. डेंटनचीही. एका शनिवारी डेंटनचे सगळे बार डावीकडे गेले आणि त्याने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, "नळीच वाकडी बसवलीय बेट्याने!"

हॉबर्टने येऊन ती बंदूक हातात घेतली, त्याच फुलीवर बार काढला आणि फुलीचा मध्यच उडवला. "बंदूक सरळ आहे," तो म्हणाला. "मागे उभा राहणारा वाकडा आहे. एवढं कळतं तर स्वतः करून आण की एक. आयुष्यात कुऱ्हाडीला दांडा तरी बसवलायस का रे?"

लोक पोट धरून हसले. हे बोलणं डेंटनच्या जिव्हारी लागलं. त्याने ती बंदूक हॉबर्टच्या गाडीत आदळली आणि जाहीर केलं, की यापुढे ओळीवर उभा राहीन तो माझ्या हातच्या बंदुकीने, आणि बार हॉबर्ट व्हॅनोव्हरच भरेल.

या शेवटच्या वाक्यावर हशा थांबला, कारण ते साधं वाक्य नव्हतं. घरी केलेली नवी बंदूक ओळीवर यायची तर आधी तिची परीक्षा व्हायची. तिला जुन्या टायरला बांधायचं, नेहमीपेक्षा जास्त बार भरायचा आणि ओंडक्याआडून दोरी ओढायची. तो बार भरायचा वैऱ्याने. मित्राने भरला तर तो हात आखडता घेईल, आणि बंदूक पुढे कधीतरी करणाऱ्याच्या तोंडावर फुटेल. पणजोबांच्या काळात या दरीतली घराणी एकमेकांना खिंडीत गाठून मारत असत, तेव्हाची ही रीत. बंदूक टिकली की बार भरणाऱ्याने करणाऱ्याच्या हातात हात द्यायचा आणि वैर तिथेच संपवायचं. हात दिल्यावरच आर्लिस काका फळ्यावर खडूने नाव लिहीत.

डेंटनला हवा होता तो हॉबर्टचा हात. सगळ्यांच्या देखत, त्याने मान खाली घालून पुढे केलेला. त्या एका हातासाठी त्याने पुढचे दोन हिवाळे घराची भट्टी करून टाकली.

नळी आणि चापाची कळ त्याने पार्सलने मागवली. एवढं तर हॉबर्टही करायचा. खरं काम लाकडाचं. नळी दस्त्यात अशी बसली पाहिजे की मधून सिगारेटचा कागदही सरकू नये. हे शिकवणारा दरीत एकच माणूस होता आणि त्याच्याकडे तर जायचं नव्हतं. मग डेंटन लोकांच्या ओसरीवर जाऊन बसू लागला. हॉबर्टने केलेली त्यांची बंदूक मागून घ्यायची, नावं ठेवायच्या निमित्ताने उलटसुलट करून बघायची, "शी, हे काय काम आहे!" म्हणायचं आणि घरी येऊन तस्संच करायला बसायचं.

बसायचा स्वयंपाकघरात, कारण शेगडी तिथे. टेबलाला त्याने लोखंडी शिकंजा ठोकला, ऑर्लिनाला विचारलंही नाही. नळीला दिव्याची काजळी धरायची, ती लाकडात दाबायची, जिथे काळा डाग उमटेल तिथलं लाकूड खरवडायचं, पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं. दिवसभर हेच. काजळी टेबलावर, पडद्यांवर, मक्याच्या पिठाच्या डब्यावर, ऑर्लिनाच्या धुतलेल्या उशांच्या अभ्र्यांवर.

"जेवायचं कुठे?" ऑर्लिनाने विचारलं.

"मांडीवर घे की ताट. तुझी मांडी काय कमी रुंद आहे?"

ताकात मक्याचा पाव कुस्करून ती मागच्या पायरीवर जाऊन बसली. थंडीत. त्याने दार लावून घेतलं, कारण वाऱ्याने दिवा फडफडत होता.

पहिला दस्ता त्याने जास्त खरवडला. दुसऱ्याला मनगटापाशी चीर गेली. प्रत्येक वेळी त्याने ओरडून घर डोक्यावर घेतलं, आणि दोष दर वेळी तिचा निघाला. तू मध्येच बोललीस. तू भांडं आपटलंस. तू नुसती बघत उभी होतीस. मात्र तिसऱ्या दस्त्याला त्याचा हात वळला, हे मान्य करायला हवं. रागीट माणसाचा हात एवढा हलका असेल असं कुणाला वाटलं नसतं. अक्रोडाच्या लाकडातून उलगडत गेलेल्या तपकिरी लाटा पाहून तो स्वतःच खुदकन हसला.

आता ते अक्रोडाचं लाकूड आलं कुठून, ते सांगितलं पाहिजे. ऑर्लिनाच्या बापाने मरण्याआधी आपल्या दारचं झाड पाडलं होतं आणि त्याच्या जाड फळ्या काढून तिन्ही मुलींना वाटल्या होत्या. आपल्याला पुरायच्या पेटीचं लाकूड आपल्या झाडाचं असावं, ही त्या घराची पद्धत. ऑर्लिनाच्या फळ्या गोठ्याच्या माळ्यावर गवतात झाकून ठेवल्या होत्या. वर्षातून एकदा ती वर चढून त्यांवरची धूळ पुसायची.

त्या वर्षी ती वर चढली आणि खाली आली ती थेट त्याच्यासमोर उभी राहिली.

"डेंटन, माझं लाकूड कुठाय?"

"कसलं लाकूड?"

"तुला माहीत आहे कसलं."

त्याने कानस खाली ठेवली नाही. "पडूनच होतं ना? असं वाळलेलं लाकूड विकत घ्यायला गेलं तर मिळतं तरी का? आणि तुला काय उद्याच जायचंय?"

"तीन दस्ते केलेस त्यातून. एक चुलीत घातलास. मी त्यावर घेवडा शिजवला. मला माहीतही नव्हतं."

"मग शिजला ना चांगला?" तो हसला. आपल्याला छान सुचलं असं त्याला वाटलं.

त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली, आणि डेंटनला बरं वाटलं. मध्येमध्ये बोलणारं कुणी नाही, आता काम कसं झपाझप उरकेल! हे त्याने क्लाइडला कुंपणावरून सांगितलं सुद्धा. भांडण संपलं असं तो समजला. असा गाढव माणूस.

पानगळीचा पहिला शनिवार उजाडला. डेंटनने दाढी केली, चर्चचा शर्ट घातला आणि बंदूक रजईत गुंडाळून गाडीत ठेवली. ऑर्लिना शेजारी बसली, मांडीवर शेंगांची टोपली घेऊन. कुरणात पोचल्यावरही ती गाडीतच बसून शेंगा सोलत राहिली.

बंदूक रजईतून बाहेर निघाली तेव्हा मंडळी गोळा झाली. थट्टा करायला आलेले वाकून बघू लागले. आर्लिस काकांनी ती हातात घेतली, डोळ्याला लावली, खाली धरली. या कुरणात त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. "बांधा टायरला," ते म्हणाले. "डेंटन, बार कोण भरणार?"

या प्रश्नाची तो दोन हिवाळे वाट पाहत होता. "हॉबर्ट व्हॅनोव्हर!" तो खणखणीत आवाजात म्हणाला.

हॉबर्ट आपल्या गाडीला टेकून कॉफी पीत होता. "मी? मी का?"

"का म्हणजे? आपलं वैर आहे."

"अस्सं? कधीपासून?"

मंडळी फिसकन हसली. डेंटनचे कान तापले. "याच कुरणात तू मला बोललास ते विसरलास?"

"अरे बाबा, बोललो असेन काहीतरी. मी रोज दहा जणांना बोलतो." हॉबर्टने कॉफीचा गाळ गवतात फेकला. "माझ्या बायकोला विचार, घरी कधी तुझं नाव तरी काढलंय का मी. माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही. चांगलं नाही, वाईट नाही. काहीच नाही."

याहून त्याने मुस्काटात मारली असती तर परवडलं असतं.

"वैर नसेल तर त्याला भरता येणार नाही," आर्लिस काका म्हणाले. "दुसरा कुणी सांग."

"क्लाइड!" डेंटन ओरडला. "कोंबड्यावरून तू माझा दात हलवलास!"

"तो कोंबडा कधीच मेला रे," क्लाइड म्हणाला. "आणि तू म्हणजे काय, पाऊस पडतो तसा ओरडतोस. पावसावर कुणी डूख धरतं का?"

मग डेंटनने एकेकाचं नाव घ्यायला सुरुवात केली. पोस्टमनने मान हलवली. गिरणीवाला दुसरीकडे पाहू लागला. एवढी वर्षं खपून दरीभर जमवलेली वैरं, ऐन वेळी एकही कामाला येईना. शिव्या देऊन देऊन त्याने आपली किंमत इतकी उतरवून ठेवली होती, की त्याचा राग धरायचे कष्टही कुणाला नको होते. फळ्यावर बाकीच्यांची नावं लिहून झाली होती. आर्लिस काकांनी खडू खिशात टाकला.

"तर मग पुढच्या वर्षी बघू, डेंटन."

"थांबा, काका."

ऑर्लिना गाडीतून उतरली होती. तिने कमरेच्या ॲप्रनमध्ये राहिलेली टरफलं झटकली. "मी भरते."

कुणीतरी शीळ घातली. आर्लिस काकांनी त्याच्याकडे डोळे वटारले. "ऑर्लिना, पोरी, ही चेष्टेची गोष्ट नाही. वैर लागतं."

"आहे."

"आहे म्हटलं की झालं नाही. करणाऱ्याने ते कबूल करावं लागतं."

ऑर्लिना डेंटनकडे वळली. तिचा चेहरा शांत होता, आणि त्या शांतपणाची त्याला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली. "कबूल करतोस? की का ते मी सांगू सगळ्यांना?"

काय सांगेल? त्याने मनातल्या मनात आठवून पाहिलं. पायरीवरची जेवणं, माळ्यावरचं लाकूड, त्याआधीचं, त्याच्याही आधीचं. सापडत गेलं तसतसं ते संपेना. आणि तो समजत होता की आपला वैरी गाडीला टेकून कॉफी पितोय.

"आहे," तो पुटपुटला. "वैर आहे. भरू द्या तिला."

आता कुणीही हसत नव्हतं.

तिला शिकवावं लागलं नाही. ती याच दरीतली, बापाच्या बंदुका भरत वाढलेली. आर्लिस काकांनी मापून दिलेली दारू तिने नळीत ओतली, कणही सांडला नाही. गजाने ठासताना तिच्या कोपराची शीर ताठ झाली. डेंटन तिच्या हातांकडे पाहत होता. बंदूक टिकावी असं तिला वाटतं की फुटावी असं, हे त्याला सांगता येईना. चाळीसएक वर्षं या बाईच्या हातचं जेवलेल्या माणसाला!

सगळे ओंडक्याआड गेले. डेंटनने दोरी ओढली.

टायर उलटापालटा झाला, पांढरा धूर कुरणभर पसरला. आर्लिस काकांनी जाऊन नळीवरून बोटं फिरवली, दस्ता तपासला, कळ पाहिली. "टिकली!" त्यांनी हात वर केला. मंडळींनी टोप्या उडवल्या. हॉबर्टही आला, वाकून नळी आणि लाकूड जिथे भेटतात तिथे नख घालून बघितलं. नख शिरेना. "मला नसतं जमलं असं," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

हेच ऐकायला डेंटन जगला होता. त्याला ते धड ऐकूही आलं नाही. तो ऑर्लिनासमोर उभा होता, हात पुढे करून. आर्लिस काकांनी खडू पुन्हा बाहेर काढला होता.

"दे पोरी हात, म्हणजे नाव लिहितो."

ऑर्लिनाने बोटांना लागलेली दारूची काळी पूड ॲप्रनला पुसली. सावकाश, एकेक बोट. "बंदूक चांगली झालीय," ती म्हणाली. "त्यात मी खोटं बोलणार नाही."

"मग दे ना हात," डेंटन हलक्या आवाजात म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत."

"ऑर्लिना, अगं टिकली ना ती?"

"ती टिकली," ऑर्लिना म्हणाली. "माझा राग पण टिकलाय. हात नाही द्यायचा मला."

ती वळली, गाडीपाशी गेली आणि टोपली मांडीवर घेऊन उरलेल्या शेंगा सोलू लागली. आर्लिस काकांनी खडू परत खिशात टाकला आणि ज्यांची नावं लिहिली होती त्यांना ओळीवर बोलावलं. पहिला बार उडाला तेव्हा डेंटनचा हात अजून तसाच पुढे होता.