नाव कुठल्या पानावर?

बाबा पाण्याचा तांब्या भरून ठेवायच्या निमित्ताने खोलीत यायचे आणि मी घाईघाईने लॅपटॉप झाकायचे. यापेक्षा संशयास्पद वागणं शोधूनही सापडलं नसतं, पण माझा नाइलाज होता. जपानी चित्रकथा इंग्रजीत काढणाऱ्या एका परदेशी प्रकाशकाचं काम मी आमच्या विचुंब्याच्या घरात बसून करते. चित्रांतल्या बोलण्याच्या फुग्यांमधला जपानी मजकूर पुसायचा आणि त्या जागी इंग्रजी बसवायचं. वाचणारी सगळी कॉलेजातली पोरं. पुस्तक बाजारात येईपर्यंत एक पानही कोणाला दाखवायचं नाही, ही प्रकाशकाची अट.

"असलं कसलं काम, जे बापाला दावायचं नाय?" बाबा म्हणायचे. "कुठंतरी पानी मुरतंय."

त्यांना तरी काय बोलणार? एकदा बिल्डरच्या कागदावर त्यांनी न वाचता सही केली आणि रस्त्याकडचं शेत हातचं गेलं. तेव्हापासून ते लग्नपत्रिकासुद्धा मागून-पुढून तपासतात. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो; आमचे बाबा पाणीही फुंकून पितात.

शेवटी त्यांनी निकाल दिला. "पुस्तकात तुजं नाव दाव. नायतर कोन गावात काकाच्या ऑफिसात बसायचं."

काकाच्या ऑफिसात बसायचं म्हणजे गिऱ्हाइकांना प्लॉट दाखवायचे आणि काकाच्या दोस्तांना चहा. मला ते मरणाचं नको होतं. मला माझे फुगे हवे होते.

नाव छापू, असं प्रकाशकाने कळवलं होतं. पण खाण तशी माती. त्यांच्या प्रत्येक गोड मेलचा मलाही संशय यायचा. आधीच्या पुस्तकात माझ्याऐवजी भलत्याच स्टुडिओचं नाव टाकलं होतं, आणि वर म्हणे चुकून झालं. आमचं शेतही असंच चुकून गेलं होतं.

नवं पुस्तक कुरियरने आलं तेव्हा ते फोडायचा मला धीरच होईना. बाबांनीच फोडलं. पुठ्ठा दाबून पाहिला, कागदाचा वास घेतला, आणि आपलं कुठलंही पुस्तक उघडावं तसं उघडलं. ही पुस्तकं उजवीकडून सुरू होतात. बाबांनी थेट शेवटच उघडला होता.

"बाबा, ते उलटं..."

"गप बस."

शेवटच्या पानावर सगळा बारीक मजकूर असतो. बारीक अक्षर आधी वाचायचं, हे त्या सहीने बाबांना शिकवलं होतं. इंग्रजी ते अक्षर अक्षर जुळवून वाचतात. बोट ओळीवरून सरकत होतं आणि मी मनातल्या मनात काकाच्या ऑफिसात चहा ओतत होते.

बोट थांबलं. त्यांनी माझं नाव वाचलं. मग आमचं आडनाव. पुन्हा मागे जाऊन दोन्ही वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मदी माजं नाव कुठं हाय?"

"तिकडे बापाचं नाव लावत नाहीत, बाबा."

"असं कसं नाय लावत?" त्यांनी पुस्तक उजेडाकडे धरलं, जणू त्यांचं नाव कोणीतरी खोडून काढलं असावं. "गाळलंय त्यांनी. पुढच्या पुस्तकात बराबर टाकायला सांग."

पुढच्या पुस्तकात, म्हणाले ते. मला एकदम रडूच आलं. बाबांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि पुस्तक काकाला दाखवायला घेऊन गेले.