नम्रसाहेबांचा धुलाईखाना

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात सगळे त्यांना पाठीमागे नम्रसाहेब म्हणत. आधी ते साधे खेकसणारे साहेब होते. खेकसणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, त्याच्या मनात काय आहे ते निदान कळतं. मग वरच्या ऑफिसने त्यांना एका शिबिराला धाडलं. चांगला प्रमुख नम्र असतो, हसतमुख असतो आणि माणसांवर विश्वास टाकतो, असं तिथे कुणीतरी सांगितलं. साहेबांनी हे तिन्ही गुण नव्या बुटांसारखे पायात चढवले आणि करकर वाजवत परत आले.

पहिल्याच सकाळी त्यांनी स्वतः चहा वाटला. कप कुणाच्या हातात जातोय यापेक्षा कोण बघतंय इकडे त्यांचं लक्ष जास्त. मग विनोद सुरू झाले. बायका तापलेल्या इस्त्रीच्या रोलरमध्ये चादरी सारत असायच्या, नेमके तेव्हा साहेब मध्ये उभे राहून किस्सा सांगायचे आणि तो संपला की एकेकाचं तोंड तपासायचे. न हसणारा लक्षात राहायचा. विश्वासाचं तर विचारूच नका. "माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे," असं म्हणत ते साबणाच्या कपाटाची किल्ली स्वतःच्या खिशात टाकायचे.

एकदा सगळ्यांना गोळा करून ते म्हणाले की मी लहान माणूस आहे, माझ्या चुका बेधडक तोंडावर सांगा. रोलरवरच्या मावशींनी ते खरं धरलं. त्या काही भोळ्या नव्हत्या, पण माणूस बदलतही असेल, असं त्यांना वाटलं.

"साहेब, रोलर चालू असताना किस्से नका सांगू," त्या म्हणाल्या. "कुणाचा तरी हात भाजेल."

साहेबांनी छातीवर हात ठेवून आभार मानले. सोमवारी मावशी मागच्या खोलीत रक्ताने माखलेले कपडे निवडत होत्या. तिथे अनुभवी माणूस हवं, असं साहेबांनी गोड हसून सांगितलं होतं.

त्यानंतर सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. साहेबांना वाटलं, काय एकजूट झाली आहे आपल्या लोकांची!

मग हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाई पाहणीला यायच्या ठरल्या. साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि मी तुमच्यातलाच एक, असं म्हणत मशीन स्वतः भरायला घेतलं. पांढऱ्या चादरींवर त्यांनी ऑपरेशनच्या नव्याकोऱ्या हिरव्या गाऊनांचा गठ्ठा ढकलला आणि पाणी कडकडीत लावलं. मशीनवाल्याने ते पाहिलं. घड्या घालणाऱ्या बायकांनीही पाहिलं, आणि मागच्या दारातून मावशींनीही.

साहेबांनी मशीनवाल्याला विचारलंसुद्धा, "बरोबर आहे ना?"

"तुमचं बरोबरच असतं, साहेब."

खूश होऊन साहेबांनी एक किस्सा सांगितला. सगळे पोट धरधरून हसले. इतकं हसू त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

बाई आल्या, मशीन उघडलं, आणि चादरी निघाल्या शेवाळलेल्या डबक्यासारख्या. साहेबांनी मान झुकवली. "माझ्या माणसांची चूक ती माझीच चूक. मी ती पदरात घेतो."

केवढा हा मोठेपणा! आपल्या हातची घाण दुसऱ्याच्या अंगाला पुसायची आणि वर स्वतःचीच पाठ थोपटून घ्यायची.

मावशी हात पुसत पुढे आल्या. "मशीन साहेबांनी भरलं, बाई. आम्ही बघितलं आणि गप्प बसलो. का गप्प बसलो, ते विचारा."

बाईंनी विचारलं. एकदा तोंड उघडल्यावर मशीनवाला बोलला, मग बायकाही बोलल्या. साहेब घामाघूम होऊन उभे होते. त्यांना लाज वाटली असती तर त्यांच्याबद्दल चार बरे शब्द लिहिता आले असते. पण त्यांना वाटत होती फक्त स्वतःची कीव: इतका चहा पाजला, आणि त्याचे हे पांग फेडले!

महिनाअखेर त्यांची बदली मोडक्या खाटांच्या गोदामात झाली. मावशी रोलरवर परतल्या आणि किल्ली कपाटालाच लटकू लागली.

घरी साहेबांनी बायकोला सांगितलं की नम्रपणा केला की लोक डोक्यावर बसतात.

"तो कधी केलात?" तिने विचारलं.

तेव्हापासून ते तिच्याशीही धड बोलत नाहीत.