दाजींची काळी डबी आणि न बोलणारा नवरा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. एखाद्या गॅरेजात रोज संध्याकाळी चहाला बसा, ते ग्रीससारखे आपोआप चिकटतात. आणि रॉकेलनंही निघत नाहीत!

आमचा अड्डा बोईसरला, दाजींच्या गॅरेजात. मी तारापूरच्या कारखान्यात फिटर. शिफ्ट सुटली की थेट तिकडेच. दाजी मूळचे केळव्याचे, जुन्या जाडजूड गाड्यांवर हात बसलेला.

*

नव्वदच्या आसपास आमच्या कुलकर्णीसाहेबांनी छोटी नवी गाडी घेतली. जुन्या गाड्यांचा इंजिन निववणारा पंखा पट्ट्यावर चालायचा. इंजिन सुरू झालं की तोही सुरू. हिचा पंखा विजेवरचा, इंजिन तापलं तरच फिरणारा. दाजींना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी तो सोडवला, पुसला, परत बसवला. तरी ढिम्म. शेवटी त्याच्या खानदानाचा उद्धार करून 'मोटर गेली' असं जाहीर करणार, तोच इंजिन तापलं आणि पंखा गरकन फिरला. दाजींची टोपी उडाली.

टोपी झटकत म्हणाले, "मेल्याला शिव्या घातल्याबिगर कळत नाय."

*

मग एकदा पंखा खरंच बंद पडला. त्याला वीज सोडते ती रिले, म्हणजे काडेपेटीएवढी काळी डबी. बॅटरीजवळ तशा तीन डब्या, दिसायला एकसारख्या. त्यातली पंख्याची कोणती? दाजींची पद्धत अशी, की तापलेल्या गाडीची चावी फिरवायची, एकेका डबीवर बोट ठेवायचं आणि कान द्यायचा. जी 'टक्' करेल ती आपली. त्या वेळी गॅरेजात बोलायची बंदी. रेडिओ बंद, कप खाली, आम्ही सगळे बॉनेटभोवती माना घालून उभे.

तेवढ्यात केळव्याजवळच्या माहीमची पारूमावशी मासळीची पाटी घेऊन आली. आम्हाला पाहून तिनं पाटी उतरवली, पदर डोक्यावर घेतला आणि हळूच विचारलं, "कोन गेलं?"

दाजी मान वर न करता म्हणाले, "अजून कळला नाय."

*

गेली होती ती डबीच; टक् करायची, पण वीज पुढं सोडत नव्हती. नवी डबी मुंबईहून यायची होती, म्हणून तोवर दाजींनी हॉर्नची डबी काढून पंख्याला लावली. पंखा फिरला, हॉर्न मुका झाला. साहेबांनी तोंड वाकडं केलं तेव्हा दाजी म्हणाले, हॉर्नचं काम तोंडानं होतं, पंख्याचं होत नाय.

पण साहेबांना ओरडणं जमेना. खिडकीतून डोकं काढून ते म्हशींनाही "अहो, जरा बाजूला होता का?" म्हणायचे. म्हशी आमच्या कारखान्यातल्या माणसांसारख्याच, जागच्या हलायच्या नाहीत.

*

पुढं दाजींच्या सुधाचं लग्न ठरलं. मुलगा मनोरचा, दिसायला छान. पण बघायला आला तेव्हा एक शब्द बोलला नाही. प्रत्येक प्रश्नाला उत्तर त्याच्या काकांनी दिलं. सुधानं बापाला बजावलं होतं, "त्याचा आवाज ऐकल्याबिगर मी हार घालनार नाय." पोरगी बापासारखीच हट्टी. दाजींच्या जिवाला घोर लागला.

लग्न केळव्याला, ऐन मे महिन्यात. नवरदेवाला आणायला साहेबांची गाडी. साहेब चालवत होते, शेजारी फेटा बांधलेले दाजी, मागं नवरदेव आणि मी. वाटेत मी त्याला पाणी विचारलं, पान विचारलं. त्यानं नुसती मान हलवली. केळवं जवळ आलं आणि गाडी उकळली. पंखा बंद!

दाजींनी रेशमी सदऱ्याच्या बाह्या सारल्या, डबीवर बोट ठेवलं. टक् नाही. मुंबईहून आलेली नवी डबीही गेली होती. लगेच पुन्हा हॉर्नची डबी काढून लावली, रेडिएटर निववला, पाणी ओतलं आणि आम्ही निघालो. मुहूर्त अगदी तोंडावर आलेला.

मांडवापुढची गल्ली वऱ्हाडानं तुडुंब भरलेली. बँड जोरात, सगळे आमच्याकडे पाठ करून नाचत होते. हॉर्न नाही. दाजींचा आवाज लग्नाच्या धावपळीत कधीच बसलेला. साहेबांनी डोकं बाहेर काढलं, "अहो, जरा बाजूला..." कोण ऐकतंय?

माझ्या शेजारची काच खाली झाली. नवरदेवानं मुंडावळ्या मागं सारल्या, अर्धा बाहेर आला आणि असा ओरडला, की बँडच बंद पडला.

"ए, सरका बाजूला! माझं लगीन हाय!"

त्या शांततेत मांडवातून सुधाचा आवाज आला, "आये, हार दे."