कोरडा ओढा

तुमच्या छपरावरून ओघळलेलं पाणी पुढे कुठे जातं, सांगता येईल तुम्हाला?

भिवंडीच्या मोजणी कचेरीत नकाशे उतरवून काढणारा एक माणूस हे भेटेल त्याला विचारायचा. मी गावाचं नाव सांगताच तो म्हणाला, "म्हंजे कामवारी नदीचं पाणी. तुम्ही आपलेच की." माझी जात त्याने विचारली नाही.

कापड रंगवण्याच्या एका नव्या कारखान्याच्या जागेचा नकाशा त्याच्याकडे आला. मोजणी मे महिन्यात झालेली, तेव्हा ओढा कोरडा होता, म्हणून कागदावर तिथे नुसती पडीक जमीन होती. खालच्या वाडीची एकुलती एक विहीर त्याच ओढ्याकाठी आहे. तो रविवारी पायी जाऊन ओढा बघून आला आणि सोमवारी त्याने तो निळ्या शाईने काढला.

साहेब म्हणाले, "पाणी कुठाय त्यात? खोडून टाक."

"आता न्हाय साहेब, पावसात हाय. रविवारी तुम्ही हापिसात नसता, म्हनून तुमची खुर्ची काढायची का?"

आठवड्याभरात त्याची मोखाड्याला बदली झाली. ट्रंक उचलताना तो एवढंच म्हणाला, "तिकडचं पाणी वैतरणेला जातं."

त्याच्या जागी आलेल्याने दुसरा नकाशा काढलाय, त्यात ओढा नाही. कारखान्याला परवानगी अजून मिळालेली नाही. आमचा हरकतीचा अर्ज धामणकर नाक्यावर चहावाल्याकडे ठेवलाय. या आठवड्यात जाऊन त्यावर सही करा.